मशीन बंद पडलं, बॅकअप ११ दिवस जुना: जुन्या डिस्कवरून पोस्टग्रेस परत उभं करता येईल का?

प्रश्न

गेली सहा वर्षं मी एका वाचनालयाचा डेटाबेस सांभाळते, तो पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालतो. परवा संध्याकाळी चालू मशीन अचानक बंद पडलं ते पडलंच, मदरबोर्ड गेला. डिस्क मात्र दुसऱ्या मशीनला लावल्यावर दिसते आणि फाइल्स वाचता येतात.

रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) पीजी-डंप, म्हणजे डेटाबेसची बॅकअप फाइल काढणारं पोस्टग्रेसचं साधन, चालायचा. आज बॅकअपचं फोल्डर उघडलं तर शेवटच्या ११ फाइल्स शून्य बाइटच्या! बॅकअपची डिस्क भरली होती आणि क्रॉनच्या मेलकडे माझं लक्ष गेलं नाही. त्याआधीची फाइल व्यवस्थित वाटते, पण या ११ दिवसांत चारशेच्या आसपास देवघेवी झाल्यात. कोणाकडे कोणतं पुस्तक आहे हे आता फक्त त्या डिस्कवर आहे, कागदावर कुठेच नाही.

जुन्या मशीनवर उबुंटू १८.०४ आणि पोस्टग्रेस १० होतं. नवीनवर उबुंटू २४.०४ आणि पोस्टग्रेस १६. जुनी डेटा डिरेक्टरी नवीन मशीनवर कॉपी करून सर्व्हर सुरू करून पाहिला, तर ‘डेटाबेस फाइल्स आर इनकम्पॅटिबल विथ सर्व्हर’ म्हणून थांबतो. आता पुढे काय करू? मूळ डिस्कला अजून हात लावलेला नाही, फक्त वाचली आहे.

उत्तर १

पीजी-रीसेटवॉल चालवून बघा. माझा सर्व्हर असाच अडला होता, त्याने सुरू झाला.

उत्तर २

ताई, कृपा करून रीसेटवॉल चालवू नका. तुमची अडचण फक्त आवृत्तीची आहे, फाइल्स बिघडल्याचं काहीच चिन्ह नाही. मशीन अचानक बंद पडलं तेव्हा शेवटचे काही बदल टेबलांच्या फाइल्समध्ये अजून उतरले नसणार, ते फक्त पीजी-वॉल या फोल्डरमधल्या बदलांच्या लॉगमध्ये आहेत. सर्व्हर उठताना तोच लॉग वाचून ते बदल लावून घेतो. रीसेटवॉल तो लॉगच टाकून देतो. म्हणजे ज्या नोंदींसाठी धडपड चालली आहे, त्यातल्याच काही जातील, आणि उरलेल्यांचा मेळही बसेलच असं नाही. सगळे उपाय थकल्यावरचं ते हत्यार आहे.

पहिलं काम म्हणजे डीडीरेस्क्यू या साधनाने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढा आणि डिस्क कपाटात ठेवून द्या. तुम्ही ‘फक्त वाचली’ म्हणता, पण ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम) नुसतं रीड-ओन्ली माउंट केलं, म्हणजे फक्त वाचण्यासाठी जोडलं, तरी कर्नल तिचं जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद, लावताना डिस्कवर लिहितो. ते टाळायला ‘नोलोड’ हा पर्याय द्यावा लागतो. घाबरू नका, त्याने बहुधा काही बिघडलेलं नाही, पण यापुढे सगळं इमेजवरच करा.

मग व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) उबुंटू १८.०४ टाका. त्याच्या भांडारात पोस्टग्रेस १०च मिळतं. इन्स्टॉल झाल्यावर सर्व्हिस थांबवा, त्याची कोरी डेटा डिरेक्टरी बाजूला सरकवा आणि तिच्या जागी इमेजमधली अख्खी डिरेक्टरी ठेवा. पीजी-वॉलसकट, एकही फाइल न गाळता. मालकी पोस्टग्रेस युजरची आणि परवानगी ०७०० हवी, नाहीतर सर्व्हर उठायलाच तयार होणार नाही. आत जुनी पोस्टमास्टर-पीआयडी फाइल दिसेल, ती ‘सर्व्हर चालू आहे’ अशी खूण असते. त्या डिरेक्टरीवर दुसरा कुठलाही पोस्टग्रेस चालू नाही याची खात्री करूनच ती काढा.

सुरू करा आणि लॉगवर नजर ठेवा. ‘रीडू स्टार्ट्स’ (लॉगमधले बदल लावायला सुरुवात), थोड्या वेळाने ‘रीडू डन’ आणि शेवटी ‘रेडी टू अ‍ॅक्सेप्ट कनेक्शन्स’ आलं की जिंकलात.

त्यानंतर डंप काढा, तोही नवीन मशीनवरच्या १६च्या पीजी-डंपने. तो ९.२पर्यंतचे जुने सर्व्हर वाचतो. एका डेटाबेसच्या डंपमध्ये युजर, म्हणजे रोल, येत नाहीत. ते पीजी-डंपऑलच्या ग्लोबल्स-ओन्ली पर्यायाने वेगळे काढा आणि आधी लावा.

उत्तर ३

वरच्या उत्तराला एक जोड. १८.०४ नको म्हणून हीच डिरेक्टरी नव्या लिनक्सवरच्या पोस्टग्रेस १०ला देऊन तिथेच रोजचं काम सुरू करावं, असा मोह होतो. तसं करू नका. २०१८मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी, पोस्टग्रेस अक्षरांचा क्रम तिच्याकडून घेतो) २.२८ आलं आणि अक्षरांचा क्रमच बदलला. जुन्या क्रमाने बांधलेले इंडेक्स (झटपट शोधासाठीच्या सूची) नव्या क्रमाने शोधले की टेबलात असलेलं पुस्तकसुद्धा नावाने सापडत नाही. हे मी स्वतः भोगलंय, आणि कुठेही एरर येत नाही म्हणून कळायला फार वेळ लागला. डंप काढून रिस्टोर केला तर इंडेक्स नव्याने बांधले जातात, त्यामुळे तुम्हाला ही भीती नाही.

आणि तुमची ती शेवटची चांगली बॅकअप फाइलही तपासून ठेवा. कस्टम फॉरमॅटमध्ये असेल तर पीजी-रिस्टोरच्या (डंप परत भरणारं साधन) लिस्ट पर्यायावर विसंबू नका. अनुक्रमणिका फाइलच्या सुरुवातीलाच असते, त्यामुळे शेपूट तुटलेली फाइलही यादी छान दाखवते. आउटपुट डेव्ह-नलकडे, म्हणजे कुठेही न साठवता, वळवून पूर्ण रिस्टोर चालवा, म्हणजे शेवटपर्यंत वाचली जाते.

प्रश्नकर्ती

उठला! ‘रीडू डन’ दिसलं तेव्हा खुर्चीतून उभीच राहिले. देवघेवीच्या टेबलात शेवटची नोंद परवा संध्याकाळी ६:४२ची आहे, मशीन गेलं त्याच्या काही मिनिटं आधीची. जुन्या १०वर आणि नव्या १६वर प्रत्येक टेबलाच्या ओळी मोजल्या, सगळीकडे आकडे जुळले. जुनी फाइलही तपासली, ती शेवटपर्यंत वाचता आली.

आता एकच अडलंय. रोल लावले, पण अ‍ॅप जोडायला गेलं की ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ येतं. पासवर्ड तोच आहे, तीनदा तपासला.

उत्तर २

पासवर्ड बरोबरच आहे. १०मध्ये तो डीफॉल्टने एमडी५ या जुन्या पद्धतीने हॅश करून, म्हणजे सांकेतिक रूपात, ठेवलेला होता, आणि तोच हॅश रोलबरोबर इकडे आला. तुमच्या १६च्या पीजी-एचबीए फाइलमध्ये (कोणी कसं जोडायचं हे ठरवणारी फाइल) स्क्रॅम ही नवी पासवर्ड पद्धत लिहिलेली असणार, त्याला तो हॅश चालत नाही. त्या रोलला तोच पासवर्ड पुन्हा एकदा सेट करा, या वेळी तो स्क्रॅममध्ये साठवला जाईल. अ‍ॅपची पोस्टग्रेस लायब्ररी १०च्या आधीची असेल तर तीही बदलावी लागेल. आणि लोकांना आत सोडण्यापूर्वी एकदा अ‍ॅनालाइझ चालवा, त्याने पोस्टग्रेस शोधाचा मार्ग ठरवायला लागणारी टेबलांची आकडेवारी गोळा करतो. १६च्या डंपमध्ये ती येत नाही, नाहीतर सुरुवातीला शोध रेंगाळतील.

प्रश्नकर्ती

पासवर्ड पुन्हा दिला, लगेच जोडलं. अ‍ॅनालाइझही झालं. बॅकअपच्या डिस्कवर जागा केली, आणि डंप शून्य बाइटचा निघाला तर थेट फोनवर संदेश येईल असं लावलंय. आज रात्रीच्या फाइलची वाट बघत जागी आहे.