आधी शाळा की आधी सभा? बद्रुद्दीन तय्यबजी आणि सर सय्यद

लालबागवाला

सीएसएमटीतून बाहेर पडून क्रॉफर्ड मार्केटकडे चालायला लागलं की रस्त्यापलीकडे घुमटांची, कमानींची एक जुनी दगडी शाळा दिसते. अंजुमन-ए-इस्लाम. बावीस वर्षं मी रोज तिच्यासमोरून जातो. ती कोणी काढली हे मी ऑफिसात विचारलं, तर एकालाही सांगता आलं नाही. सर सय्यद अहमद खान आणि त्यांचं अलीगढ मात्र सगळ्यांना माहीत.

म्हणून हा धागा. माझं म्हणणं सरळ आहे. मुसलमानांनी आधी शिकावं, राजकारणापासून लांब राहावं, ही सर सय्यद यांची भूमिका म्हणजे त्या काळात दुसरा रस्ताच नव्हता असं आपण धरून चालतो. पण दुसरा रस्ता होता, आणि तो मुंबईत होता. बद्रुद्दीन तय्यबजींनी भाऊ कमरुद्दीन आणि इतरांच्या साथीने १८७४ साली अंजुमन काढली, १८८० ला शाळा सुरू झाली. अलीगढचा मदरसा १८७५ चा. म्हणजे दोघंही एकाच वेळी शिक्षणाला लागले होते. फरक पडला तो राजकारणात. तय्यबजी १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्याबरोबर बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनच्या उभारणीत होते.

१८८७ चा डिसेंबर संपता संपता, एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. मद्रासला सहाशेच्या वर प्रतिनिधींसमोर ४३ वर्षांचे तय्यबजी काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून उभे होते. सगळ्यांच्या हिताच्या कामात मुसलमानांनी इतर देशबांधवांच्या खांद्याला खांदा का लावू नये, हे आपल्याला समजत नाही, असं ते सांगत होते. त्याच दिवसांत, २८ डिसेंबरला, सर सय्यद लखनौला काँग्रेसपासून दूर राहा म्हणून सांगत होते.

आगरकर-टिळकांचा आधी सामाजिक की आधी राजकीय हा वाद आपण शाळेपासून ऐकतो. हा वाद त्याच तोडीचा आहे. त्यात तय्यबजी बरोबर होते असं मला मनापासून वाटतं.

जुनीपानं

असहमत. तुम्ही दोघांना एका तराजूत घालताय, पण दोघांच्या पायाखालची जमीनच वेगळी होती.

सत्तावनच्या उठावाची झळ मुंबईला फारशी लागली नाही. सर सय्यद दिल्लीचे. बिजनौरला कंपनीच्या नोकरीत असताना त्यांनी तिथल्या इंग्रजांचे जीव वाचवले, आणि इकडे दिल्लीत त्यांच्याच घराची धूळधाण झाली. नातेवाईक मारले गेले, हालअपेष्टांनी खचलेली आई मेरठला वारली. अशा माणसाला सरकारविरुद्धची प्रत्येक चळवळ म्हणजे पुन्हा फाशीचे दोर असं वाटलं, तर त्याला दोष कसा देणार? आणि ते गप्पही बसले नव्हते. उठावाची आग विझते न विझते तोच त्यांनी बंडाच्या कारणांवर पुस्तक लिहिलं आणि कायदेमंडळात हिंदी माणूस नाही हे मोठं कारण म्हणून सरकारच्या तोंडावर सांगितलं.

तय्यबजी व्यापारी बोहरा घराण्यातले. सोळाव्या वर्षी विलायतेला गेले, १८६७ ला बॅरिस्टर होऊन परतले. गरीब मुसलमान विणकर आणि बॅरिस्टरसाहेब यांच्यात काय समान होतं?

वाचनवेडी

जुनीपानं यांचा मुद्दा पुढे नेते. सर सय्यद यांनी जानेवारी १८८८ मध्ये तय्यबजींना पत्र लिहून विचारलं की 'नॅशनल काँग्रेस' म्हणजे काय? एवढ्या जाती-धर्मांचे लोक मिळून एक राष्ट्र आहे असं तुम्ही म्हणता का? हा प्रश्न ऐकून आपण कपाळाला आठ्या घालतो. पण हेच आपल्याकडे जोतीराव विचारत होते! शूद्र-अतिशूद्र, भिल्ल, कोळी हे सगळे 'एकमय लोक' झाल्याशिवाय राष्ट्र कसलं, हा 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'तला सवाल आपण डोक्यावर घेतो. मग तोच अलीगढहून आला की फुटीरपणा का ठरतो?

लालबागवाला

@वाचनवेडी, या प्रश्नाने मला दोन दिवस झोपू दिलं नाही, म्हणून उशिरा लिहितोय.

प्रश्न सारखा आहे, पण तो कुठे उभं राहून विचारला ते बघा. जोतीराव खालून विचारत होते. लखनौच्या त्याच भाषणात सर सय्यद म्हणतात की हलक्या कुळातला माणूस बीए-एमए झाला आणि लायक असला, तरी तो आपल्यावर अधिकार गाजवणार हे खानदानी लोकांना रुचेल का? या वाक्यापुढे मी अडतो. ज्याने पै-पैची वर्गणी मागत कॉलेज उभं केलं, फतवे झेलले, तो पदवीपेक्षा कूळ मोठं म्हणतो! जोतीरावांना हे पटलं असतं का, तुम्हीच सांगा.

@जुनीपानं, आईबद्दलचं वाचून गलबललं. घाबरण्याचं कारण खरं होतं, मान्य. पण भीतीतून निघालेली वाट बरोबरच असते असं नाही. सर सय्यद यांच्या पत्राला तय्यबजींनी उत्तर दिलं त्याचा गाभा हाच, की मुसलमानांना नको असलेलं काही येत असेल तर आत राहून अडवा, बाहेर बसून नको.

मुद्देसूद

आता त्या 'आत राहून' चं काय झालं तेही लिहा की. तय्यबजींच्याच आग्रहाने १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात ठराव झाला, की हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखाने किंवा जवळपास एकमुखाने विरोध असेल तो विषय चर्चेला घ्यायचाच नाही. म्हणजे प्रतिनिधी देशाचा न राहता धर्माचा झाला. १९०९ च्या विभक्त मतदारसंघांचं, म्हणजे मुसलमानांनी आपले प्रतिनिधी वेगळे निवडायच्या पद्धतीचं, बी इथे दिसत नाही का तुम्हाला?

दुसरं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी काँग्रेसचे संस्थापक ह्यूम यांना पत्र लिहिलं, की मुसलमानांचा विरोध इतका वाढलाय तर काँग्रेस निदान पाच वर्षं थांबवावी. एका वर्षात हात टेकले. याला तुम्ही दुसरा रस्ता म्हणताय?

लालबागवाला

पाच वर्षांचं पत्र मलाही खटकतं. ते लपवायचं नव्हतं, धाग्यातच लिहायला हवं होतं. पण हात टेकून ते समोरच्या गोटात गेले नाहीत. सर सय्यद यांनी काँग्रेसविरोधात पेट्रियॉटिक असोसिएशन काढली, तिकडे तय्यबजी फिरकले नाहीत.

ठरावाबद्दल मात्र ठाम असहमत. तो दोन्ही बाजूंना सारखा लागू होता, आणि मतदार एकच ठेवून अल्पसंख्याकाला धीर देणारा होता. विभक्त मतदारसंघांनी मतदारच तोडले. तय्यबजी १९ ऑगस्ट १९०६ ला लंडनमध्ये वारले. व्हाइसरॉयकडे विभक्त मतदारसंघ मागणारं शिमल्याचं शिष्टमंडळ त्यानंतर सहा आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला. ते असते तर काय बोलले असते, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

श्रीवर्धनची

मला दोघांशीही भांडायचंय. आम्ही कोकणी मुसलमान. घरात आजी 'खंय गेल्लास' म्हणायची आणि शाळेत उर्दू. तय्यबजींच्या घराण्याने स्वतः गुजराती सोडून उर्दू धरली, आणि अंजुमननेही उर्दूच पुढे आणली. सगळ्या मुसलमानांची भाषा एक, ही कल्पना अलीगढची तशी मुंबईचीही. आजीला मराठी हिशेब तोंडपाठ, पण शाळेच्या पुस्तकात तिची बोली कुठेच नव्हती. जो सुधारक समाजाला देशाशी जोडायला निघाला, त्याला शेजारच्या कोकणातली बोली दिसू नये, याचं मला आजही वाईट वाटतं.

हेही सांगते की माझी बहीण अंजुमनच्याच साबू सिद्दीकमधून इंजिनीअर झाली. म्हणून राग आणि ऋण दोन्ही आहे.

जुनीपानं

श्रीवर्धनची, हा मुद्दा सगळ्यात वजनदार. यावर वेगळा धागा काढाच.

मुद्देसूद, एक राहिलं. टिळकांचा १८९७ चा राजद्रोहाचा खटला आठवा. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढेही अर्ज फेटाळला गेला. ऑगस्टमध्ये तय्यबजींनी, ते तेव्हा हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते, तो मंजूर केला. आरोपी महिनाभर तुरुंगात राहिला आणि मग निर्दोष ठरला तर न्यायाचं काय, हा त्यांचा विचार. मी सर सय्यद यांच्या बाजूचा, पण इथे तय्यबजींना सलाम. पुण्या-मुंबईत हे माहीत असायला हवं.

वाचनवेडी

लालबागवाला, जोतीरावांबद्दलचं उत्तर पटलं, निम्मं. राष्ट्राचा प्रश्न वरून विचारला म्हणून खोटा ठरत नाही. पण मुलींचं काय? सर सय्यद यांचा भर मुलग्यांवरच होता, मुलींच्या शाळांची वेळ अजून आली नाही असं ते म्हणत. तय्यबजींनी स्वतःच्या मुली शिकवल्या.

लालबागवाला

आणि ते घरापुरतं ठेवलं नाही. डिसेंबर १९०३ मध्ये सर सय्यद यांनीच सुरू केलेली मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्स मुंबईत भरली, आणि अध्यक्ष कोण, तर तय्यबजी. हायकोर्टाचे न्यायमूर्ती असताना त्यांनी तिथे उघड सांगितलं, की मी काँग्रेसचा पाठीराखा आहे. मग पडद्याच्या अतिरेकाविरुद्ध बोलले. सर सय्यद जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.