गावी एकटी राहणाऱ्या आईसाठी पडल्यावर कळवणारं घड्याळ घ्यावं का?

आई ७८ वर्षांची, गुहागरजवळ एकटीच राहते. मी ठाण्याला. पावसात मागीलदारच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, तरी ती पहाटे विहिरीवर जातेच. वीज जाते, रेंज फक्त ओटीवर. शिवाय हातात बांगड्या. कुणी वापरलंय का? जीव टांगणीला लागलाय.

वेंगुर्लेकर : बाबांना दिलंय. सिम बसणारंच घ्या. नुसतं ब्लूटूथवालं फोनपासून साधारण १० मीटरपलीकडे तुटतं, मग विहिरीवर त्याचा काय उपयोग? आधी विहिरीपाशी उभं राहून कुठल्या कंपनीची रेंज येते ते बघा. चार्जिंग दिवेलागणीला, रात्री काढायचं नाही. आमचे बाबा रात्री लघवीला उठतानाच धडपडतात.

दापोलीची नर्स : घड्याळाला जोरात आदळणं कळतं. भिंत धरून हळूच खाली बसलेलं माणूस बऱ्याचदा कळत नाही. नाडी हिरव्या प्रकाशाने मोजतात, त्यामुळे पट्टा सैल असला की आकडे चुकतात. बांगड्यांच्या मागे, कोपराच्या बाजूला घट्टसर बांधा. आणि ताई, बीपी मात्र दंडाला पट्टा बांधायच्या मशीननेच बघा. घड्याळातला आकडा बघून गोळी कमी-जास्त करू नका.

प्रश्नकर्ती : दोघांचे मनापासून आभार. शेजारच्या वहिनींचा नंबर पहिला टाकते, माझा दुसरा. मी पोचेपर्यंत सात-आठ तास जातात, त्या हाकेच्या अंतरावर आहेत.

वेंगुर्लेकर : हे बेस. वहिनींना १०८ पण सांगून ठेवा.