विषय: न्यूहेवनच्या कोळणींचे फोटो

स्कॉटलंडमधल्या एडिंबराजवळच्या न्यूहेवन गावातल्या कोळणींच्या जुन्या फोटोंबद्दल इथे कुणीतरी म्हटलंय की हिल आणि ॲडमसन या स्कॉटिश फोटोग्राफर जोडीने त्या बायकांना कामात असतानाच टिपलं. तसं नाही. इंग्रज संशोधक टॅल्बॉटने १८४१ साली पेटंट घेतलेली, फोटो काढायची कॅलोटाइप पद्धत ते वापरत. कागदाच्या निगेटिव्हवर चित्र उमटेपर्यंत भर उन्हातही न हलता थांबावं लागे. म्हणून तर त्या एकमेकींना टेकून, टोपलीचा आधार घेऊन आहेत. पण १८४३ ते १८४७ च्या सुमारास, फोटो ही पैसेवाल्यांची चैन असताना, त्या मासळीच्या टोपल्यांसकट, रोजच्या पट्ट्यापट्ट्यांच्या घागऱ्यांत समोर आल्या, याचं मला फार मोल वाटतं. टोपलीचा पट्टा कपाळावर घेऊन त्या एडिंबरात मासळी विकायला जात. त्यांतल्या एलिझाबेथ जॉन्स्टन हॉलचं तर नावही टिकलं!

मी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. आजीचा एकच फोटो आहे, स्टुडिओतला. नवं लुगडं, गळ्यात सोनं, हात मांडीवर. जन्मभर चुंबळीवर पाटी घेऊन बाजार केला तिने, आणि फोटोत पाटीच नाही. अजून सलतं ते.

कुणाकडे बाजारात बसलेल्या आईचा, आजीचा जुना फोटो असेल तर लगेच स्कॅन करा, आणि तिचं नाव सोबत लिहून ठेवा.