तळ जखडला, माथा सरकवला: याला शुद्ध शिअर म्हणायचं का?

ठोकळेबाज: फायनाइट एलिमेंटचा (वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून संगणकावर ताण काढायचा) एक रिपोर्ट तपासायला आला. पोलादाचा घन, तळाचे सगळे नोड (तुकड्यांचे जोडबिंदू) फिक्स, माथ्याचे आडवे सरकवलेले, वर-खाली हालचाल बंद. रिअ‍ॅक्शनला (बांधलेल्या नोडांवर येणाऱ्या बलाला) क्षेत्रफळाने भागलं, मग शिअर स्ट्रेनने (आकार किती तिरका झाला त्याने), आणि हा म्हणे 'जी', म्हणजे शिअर मॉड्युलस. 'ई' (यंग मॉड्युलस, ताणण्यातला ताठपणा) २१० गिगापास्कल, पॉयसन रेशो (ताणल्यावर आडवं आकसण्याचं प्रमाण) ०.३ दिल्यावर ८०.८ यायला हवा. आला कमी, आणि खापर फोडलं मेशवर (तुकड्यांच्या जाळीवर)! अहो, बाजूचे पृष्ठभाग मोकळे सोडलेत. तिथे शिअर स्ट्रेस शून्य, मग पूरक स्ट्रेस (माथ्यावरच्या शिअरइतकाच, लंब बाजूंवर लागणारा) येणार कुठून? कोपऱ्यात बांधलेल्या आणि मोकळ्या पृष्ठभागांची मारामारी. मेश बारीक केली तर आकडा आणखी घसरेल. माझ्या मते ही पद्धत बादच करावी.

रबरी_शिक्का: साफ असहमत. दोन प्लेटांमध्ये चिकटवलेला रबर पॅड प्रत्यक्षात असाच तर असतो, बाजू मोकळ्याच. बाउंड्री कंडिशन (कुठे बांधलं, कुठे मोकळं सोडलं) बरोबर आहे, चुकलाय तो भागाकार. पॅड लांबीच्या मानाने पातळ असेल तर कडांचा परिणाम नगण्य होतो आणि तोच भागाकार चालून जातो. घनाला मात्र नाही.

ठोकळेबाज: पॅडचं मान्य. पण इथे चाचणीची नक्कल करायची नव्हती, मटेरियल कार्ड (संगणकाला दिलेले पदार्थाचे गुणधर्म) तपासायचं होतं. त्यासाठी चारही बाजूंवर समान शिअर ट्रॅक्शन (पृष्ठभागाला समांतर ओढ) द्या, रिजिड बॉडी हालचाल (ठोकळा अख्खाच सरकणं-फिरणं) थांबवण्यापुरते तीन नोड ३-२-१ पद्धतीने (एक तीन दिशांत, दुसरा दोन, तिसरा एका) बांधा. त्या नोडांवर रिअ‍ॅक्शन शून्य आली नाही तर समजा कुठेतरी दिशा उलटी पडलीय. (माझी पडली होती, दोन तास गेले.)

गॅमा_बाय_टू: हे लहान स्ट्रेनपुरतं. रबर ५० टक्के शिअर करा, मग बघा: सिंपल शिअर (थर एकमेकांवर समांतर सरकणं) टिकवायला नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाला लंब, स्ट्रेससुद्धा लागतो, यालाच पॉयंटिंग परिणाम म्हणतात. नुसतं ट्रॅक्शन दिलंत तर ठोकळा वेगळाच आकार घेईल. मी तरी सगळ्या सीमेवर विस्थापन लादतो किंवा समोरासमोरच्या नोडांना पिरिऑडिक समीकरणांनी (समोरासमोरच्या बाजू सारख्याच आकाराने बदलाव्यात म्हणून) बांधतो.

रबरी_शिक्का: एकजिनसी ठोकळ्याला पिरिऑडिक म्हणजे मुंगी मारायला तोफ. एकाच एलिमेंटच्या सगळ्या नोडांना विस्थापन द्या, झालं. कंपोझिटचा नमुना असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सीमेवर रेषीय विस्थापन लादलं तर नमुना उगाच ताठ दिसतो.

गॅमा_बाय_टू: बरं, त्या रिपोर्टात स्ट्रेन गॅमा (कोनातला पूर्ण बदल) होता की त्याचा अर्धा टेन्सर घटक?

ठोकळेबाज: गॅमाच. अर्धा घेतला असता तर आकडा दुप्पट फुगला असता.