मदत हवी आहे: पांढऱ्या वाईनबरोबर मासे कसे करू?

मंडळी, शनिवारी ठाण्यात आमच्याकडे सहा जण जेवायला आहेत. भाच्याने फ्रान्सहून बोर्दोची पांढरी वाईन आणलीय, सोव्हिन्यों ब्लाँ आणि सेमियों या दोन द्राक्षांची मिळून. कोरडी (म्हणजे गोड नसलेली), लिंबासारखी आंबट, मागून किंचित मधाचा वास. काल एक बाटली उघडली. बांगड्याच्या तिखल्याबरोबर तोंड पेटलं आणि वाईन चक्क कडू लागली! (तिरफळं जास्त पडली होती, तेही खरं.) रवा लावून तळलेल्या बोंबलाबरोबर मात्र झकास.

आता भरलं पापलेट करू की नारळाच्या रसातली कोलंबी? सोलकढी आधी द्यावी की शेवटी? आणि बाटली फ्रीजमधून किती वेळ आधी काढायची? बायको म्हणते, ग्लासात बर्फ टाका. तेवढं सोडून काहीही सुचवा.