झाडांखालच्या मातीवरची हिरवी बुरशी: ट्रायकोडर्मा की पेनिसिलियम?

प्रश्न

उद्यानाच्या ज्या भागात झाडी दाट आहे आणि पालापाचोळा झाडून नेला जात नाही, तेथे एका कुजत चाललेल्या खोडाशेजारी ओल्या मातीवर मला तळहाताएवढा पांढरा, कापसासारखा थर दिसला. चार दिवसांनी पुन्हा पाहिले, तेव्हा त्याचा मधला भाग गडद हिरवा झाला होता आणि कडा अजून पांढरीच होती. बोट फिरवले असता हिरवी भुकटी लागली. जवळून वास घेतला तर खोबऱ्यासारखा मंद वास आला, पण तो माझा भासही असू शकेल. माझ्या ओळखीच्या एकाने याला स्लाइम मोल्ड म्हटले, तर दुसऱ्याने पेनिसिलियम. मला स्वतःला ट्रायकोडर्माची शंका येते. माझ्याकडे दहापट भिंग आणि चारशेपट मोठे दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक आहे. एवढ्या साधनांवर ही बुरशी कितपत खात्रीने ओळखता येईल?

प्रतिसाद १

स्लाइम मोल्डची शक्यता आधी बाजूला ठेवू. तो मुळात बुरशीच नव्हे. त्याच्या वाढीच्या अवस्थेत तंतूंचे जाळे नसते, तर हळूहळू सरकणारा बुळबुळीत गोळा असतो. आपण वर्णन केलेला कापसासारखा थर म्हणजे सरळसरळ कवकजाल आहे.

पेनिसिलियम मात्र इतक्या सहज बाद करता येत नाही, कारण ते जंगलातल्या मातीत विपुल असते. तरीही त्याचे ठिपके सहसा लहान, मखमली आणि निळसर झाक असलेले असतात व सावकाश वाढतात. आधी भराभर पसरणारा विरळ पांढरा थर आणि मग त्यावर उमटणारे हिरवे पुंजके हा क्रम ट्रायकोडर्माला अधिक शोभतो. खोबऱ्याच्या वासाला आपण भास म्हणून सोडून देऊ नये. या प्रजातीतल्या (genus) काही जाती (species) ६-पेंटिल-अल्फा-पायरोन नावाचे द्रव्य तयार करतात आणि त्याचा वास नेमका तसाच असतो. वास आला नाही म्हणून ट्रायकोडर्मा नाही, असे मात्र म्हणता येत नाही.

शेजारचे खोडही भिंगाने तपासा. सालीवर गादीसारखे छोटे, पिवळट किंवा तपकिरी उंचवटे असून त्यांवर बारीक टिंबे दिसली, तर ती याच बुरशीच्या लैंगिक अवस्थेची फळे असण्याचा संभव आहे. जुन्या पुस्तकांत ही अवस्था हायपोक्रिया या वेगळ्या नावाखाली सापडेल. एका बुरशीला दोन नावे देण्याची पद्धत बुरशींच्या शास्त्रीय नामकरणाच्या २०११ च्या मेलबर्न नियमावलीने बंद केली आणि त्यानंतर ट्रायकोडर्मा हेच नाव रूढ राहिले.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु रंगावर आणि वासावर थांबू नये. आपला सूक्ष्मदर्शक या कामाला पुरेसा आहे. खरी अडचण नमुना घेण्यात असते. बहुतेक जण सर्वांत हिरव्या भागातून सुईने खरवडून घेतात आणि मग काचपट्टीवर सुट्या बीजाणूंच्या ढिगाशिवाय काहीच दिसत नाही. त्याऐवजी पारदर्शक चिकटपट्टीचा लहान तुकडा पांढऱ्या आणि हिरव्या भागाच्या सीमेवर अलगद टेकवा, कारण तेथे बीजाणू धारण करणाऱ्या फांद्या कोवळ्या आणि शाबूत असतात. काचपट्टीवर लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या बुरशी रंगवणाऱ्या निळ्या द्रावाचा थेंब टाकून त्यावर पट्टी चिकटवा.

ट्रायकोडर्मात मुख्य दांड्यापासून जवळजवळ काटकोनात फांद्या फुटतात, खालच्या लांब आणि वरच्या आखूड, त्यामुळे एकूण आकार निमुळत्या शंकूसारखा दिसतो. फांद्यांच्या टोकांशी मध्ये फुगीर व तोंडाशी अरुंद अशा सुरईच्या आकाराच्या पेशी असतात आणि प्रत्येकीच्या तोंडावर बीजाणू ओलसर गोळीच्या रूपात साचतात. पेनिसिलियममध्ये कुंचल्यासारखी रचना असते आणि बीजाणूंच्या कोरड्या माळा सुटतात. ॲस्परजिलस या बुरशीचा दांडा न फांदता टोकाशी गोल फुगतो. म्यूकर या बुरशीच्या तंतूंत आडपडदे जवळजवळ नसतात आणि त्याच्या टाचणीच्या डोक्यासारख्या पिशव्या तर भिंगानेही दिसतात.

एक जागा फसवी आहे. ट्रायकोडर्मा व्हायरेन्स या जातीच्या फांद्या कुंचल्यासारख्या एकवटलेल्या असतात, म्हणून तिला पूर्वी ग्लायोक्लॅडियम या वेगळ्या प्रजातीत गणत असत. कुंचला दिसताच पेनिसिलियम म्हणून मोकळे होऊ नका. वर कोरडी माळ आहे की ओला थेंब, हे पाहूनच ठरवा.

प्रतिसाद ३

थोडा सावधगिरीचा सूर लावतो. प्रजातीपर्यंत आपण पोहोचाल, जातीपर्यंत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. पर्सून या कवकशास्त्रज्ञाने १७९४ मध्ये ही प्रजाती स्थापन केली. १९६९ मध्ये रिफाई या कवकशास्त्रज्ञाने केवळ रचनेवरून तिचे नऊ जातिसमूह मांडले, तर आज तीनशेहून अधिक जाती मानल्या जातात आणि त्यांतल्या कित्येक दिसायला सारख्याच असतात. बुरशींसाठी सामान्यतः वापरला जाणारा आयटीएस हा डीएनएचा पट्टाही येथे अनेकदा अपुरा पडतो, म्हणून टीईएफ-१ सारख्या जनुकाचा क्रम सोबत पाहावा लागतो.

कोणी मातीचा कण पेट्री डिशमध्ये वाढवण्याचा सल्ला दिला, तर हे लक्षात ठेवा की चिमूटभर मातीत असंख्य बुरशी असतात आणि ताटलीवर सर्वांत आधी वेगाने वाढणारीच पुढे येते. ती आपण जमिनीवर पाहिलेलीच असेल असे नाही. शिवाय बीजाणू तयार झालेली ताटली घरात उघडू नये. ट्रायकोडर्मा लाँगिब्रॅकिएटम ही जाती ३७ अंश सेल्सिअसलाही वाढते आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तींमध्ये तिचा संसर्ग नोंदला गेला आहे. जागेवर वासही नाक टेकवून घेऊ नये.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचा आभारी आहे. पहिली पट्टी मी सवयीने मधल्या हिरव्या भागातूनच घेतली होती आणि तिच्यावर अपेक्षेप्रमाणे फक्त बीजाणू दिसले. सीमेवरून घेतलेल्या पट्टीवर काटकोनातल्या फांद्या, सुरईसारख्या पेशी आणि दोन-तीन ठिकाणी न विस्कटलेल्या ओल्या गोळ्या स्पष्ट दिसल्या. माळ कोठेही नव्हती. बीजाणूंचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरखरीत, हे मात्र चारशेपटीत ठरवता आले नाही. खोडाच्या सालीवर गादीसारखे काही सापडले नाही. त्यामुळे नोंदवहीत ‘ट्रायकोडर्मा, जाती अनिश्चित, कुजत्या खोडालगतची ओली माती’ एवढेच लिहिले आहे आणि पट्टी तारीख घालून जपून ठेवली आहे.