ऑगस्टमध्ये विटकरी, सप्टेंबरमध्ये खवलेदार: एकाच चिखलपट्ट्यावरचे पक्षी महिन्याभरात इतके कसे बदलतात?

खाडीकाठ यांचा प्रश्न:

नमस्कार. खाडी समुद्राला मिळते तिथला सुमारे एक किलोमीटर लांबीचा चिखलपट्टा आणि त्याला लागून असलेली वाळू, एवढीच जागा मी यंदा जुलैच्या अखेरीपासून नेमाने पाहतो आहे. ठिकठिकाणी फिरून यादी वाढवण्यापेक्षा चालत जाता येईल असा एकच पॅच धरून ठेवावा, असे ठरवले होते. आठवड्यातून दोनदा, सकाळी साडेसहा ते आठ, ही माझी वेळ कधी चुकत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चाळीसेक कर्ल्यू सँडपायपर (चिखलात चरणारे, बाकदार चोचीचे लहान स्थलांतरी पक्षी) दिसले आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पोटावर विटकरी रंग होता. महिना संपता संपता ते जेमतेम दहा उरले. सप्टेंबरच्या मध्याला आकडा पुन्हा साठावर गेला, पण आता एकाच्याही अंगावर विटकरी रंग नाही आणि पाठ मात्र माशाच्या खवल्यांसारखी रेखीव. हे तेच पक्षी असून त्यांनी पिसे बदलली, की हे निराळेच आहेत? शिवाय त्यांतल्या तीन-चार पक्ष्यांची चोच मला किंचित आखूड वाटली, त्यामुळे ते डनलिन, म्हणजे त्यांच्यासारखीच दिसणारी दुसरी जात, असावेत अशी शंका आहे.

दुसरी अडचण अशी, की एखाद्या दिवशी सगळा चिखल पक्ष्यांनी गजबजलेला असतो आणि चारच दिवसांनी त्याच वेळी तिथे एकही पक्षी नसतो. कोणीतरी त्यांना त्रास देत असावे, असे मला वाटू लागले आहे.

पिसारा यांचे उत्तर:

तुमच्या चिखलावरचे पक्षीच बदलले आहेत. ऑगस्टमध्ये दिसले ते प्रौढ, आणि आता दिसत आहेत ती बहुतांशी यंदाची पिल्ले.

कर्ल्यू सँडपायपरची वीण आर्क्टिक सायबेरियात होते. अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे काम एकट्या मादीचे असते, नर त्यात भाग घेत नाही. त्यामुळे नर सर्वांत आधी परतीला लागतात, त्यांच्यामागून माद्या येतात आणि पिल्ले सर्वांत शेवटी निघतात. ऑगस्टअखेरीस तुमचा आकडा खाली आला, तो या दोन लाटांमधला खळगा होता. (फॅलरोप या दुसऱ्या किनारपक्ष्यात सगळे उलट असते. तिथे नर अंडी उबवतो आणि मादी आधी निघून जाते.)

प्रौढांचा आणि पिल्लांचा पिसारा वेगळा का दिसतो, हेही यावरून उलगडते. ऑगस्टमधल्या प्रौढ पक्ष्याची पिसे झिजलेली, कडा तुटलेल्या असतात, पाठीवर जुनी काळपट आणि नवी करडी पिसे सरमिसळ झालेली दिसतात आणि पोटावर विणीच्या विटकरी रंगाचे डाग उरलेले असतात. पिल्लाची सगळी पिसे मात्र दोनेक महिन्यांपूर्वी एकदमच फुटलेली असतात, म्हणून ती एकसारखी ताजी दिसतात. पाठीवरच्या प्रत्येक करड्या पिसाला आधी एक बारीक गडद रेघ आणि तिच्याबाहेर फिकट कड असते. तुम्हाला दिसलेले खवले ते हेच.

डनलिनच्या शंकेबद्दल सांगायचे तर, नुसत्या चोचीच्या लांबीवर विसंबू नका, कारण दोन्ही जातींत ती पक्ष्यागणिक कमीजास्त असते. पोट पाहा. डनलिनच्या पिल्लाच्या पोटाच्या बाजूंवर काळसर ठिपक्यांच्या ओळी असतात, तर कर्ल्यू सँडपायपरच्या पिल्लाची छाती पिवळसर गुलाबी झाक असलेली आणि पोट स्वच्छ पांढरे असते. तरीही खात्री पटली नाही तर पक्षी उडेपर्यंत थांबा. शेपटीच्या वरचा भाग संपूर्ण पांढरा चमकला तर तो कर्ल्यू सँडपायपर, आणि त्या पांढऱ्यातून मधोमध काळी पट्टी गेलेली दिसली तर डनलिन.

पिल्लांना वाट कोण दाखवते, हा प्रश्न यानंतर पडतोच. कोणीही दाखवत नाही. अलास्कात जन्मलेल्या आणि उपग्रह टॅग लावलेल्या बार-टेल्ड गॉडविट या दुसऱ्या किनारपक्ष्याच्या एका पिल्लाने, वय अवघे पाच महिने असताना, ऑक्टोबर 2022 मध्ये तिथून टास्मानियापर्यंतचे सुमारे 13,560 किलोमीटर अंतर कुठेही न उतरता 11 दिवसांत कापले.

उधाण यांचे उत्तर:

त्रास देणारा कोणी असेलही, परंतु आधी तुमच्या घड्याळावरच संशय घ्यावा लागेल. ज्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या येतात, तिथे भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. चार दिवसांत ती तीन तासांहून अधिक सरकते. म्हणजे तुम्ही साडेसहाला पोचता तेव्हा एके दिवशी पाणी चढत असते, चार दिवसांनी ते कुठल्या कुठे ओसरलेले असते आणि पक्षी पाण्याच्या कडेबरोबर इतके दूर गेलेले असतात, की चिखल रिकामा वाटावा. कधी पूर्ण भरती असते, मग चिखलच शिल्लक नसतो आणि सगळा थवा जवळच्या कोरड्या उंचवट्यावर एका पायावर उभा राहून डुलक्या घेत असतो.

माझा अनुभव असा, की भरती पूर्ण होण्याच्या दोन-अडीच तास आधी जाऊन एका जागी बसावे. पाणी चढू लागले, की पक्षी आपणहून तुमच्याकडे ढकलले जातात. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाच्या भरत्या सर्वांत मोठ्या असतात, तेव्हा हे फार चांगले साधते. भांगाच्या, म्हणजे सर्वांत लहान भरत्यांच्या, दिवसांत मात्र पाणी चिखलाच्या वरच्या पट्ट्यापर्यंत पोचतच नाही, पक्षी सगळीकडे विखुरलेले राहतात आणि मोजणी नेहमीच कमी येते. ती घट खरी समजून कोणी हळहळू नये.

सूर्य पाठीशी येईल अशीच जागा निवडा, कारण सूर्यासमोर बघत बसलात तर सगळेच सँडपायपर काळे दिसतात. विसावलेल्या थव्याजवळ जाऊ नका. पक्ष्यांनी माना उंच केल्या, की आपण जवळ आलो आहोत असे समजून तिथेच थांबावे. त्यांनी अंगात साठवलेली चरबी हे पुढच्या प्रवासाचे इंधन असते, आणि एका फोटोसाठी थवा उठवण्यात ते वाया जाते.

जुनी वही यांचे उत्तर:

उधाण यांच्याशी बहुतांशी सहमत आहे. तरी ठरलेली वेळ मोडायलाच हवी, असे मला वाटत नाही. नोकरीधंदा सांभाळून पॅच पाहणाऱ्याला भरतीमागे धावणे दरवेळी जमत नाही. वेळ तीच ठेवा, पण प्रत्येक नोंदीशेजारी भरतीची अवस्था लिहा आणि तुलना करताना सारख्या अवस्थेचेच दिवस एकमेकांशी ताडून पाहा. एकही पक्षी न दिसलेला दिवसही वहीत आला पाहिजे.

प्रौढ आणि पिल्ले वेगळी मोजा, ही मात्र आग्रहाची विनंती. पहिले दोन हंगाम मी नुसते ‘लहान वेडर, 200’ (वेडर म्हणजे चिखलात चरणारे किनारपक्षी) असे लिहीत गेलो आणि आज ती पाने मला कशाच्याही कामाची नाहीत. शरदात पिल्लांचे प्रमाण किती आहे, यावरून हजारो किलोमीटर दूर वीण कशी झाली याचा अंदाज बांधता येतो. सायबेरियाच्या तैमीर भागात लेमिंग या उंदरासारख्या प्राण्याची संख्या काही वर्षांच्या अंतराने भरमसाट वाढते आणि मग एकाएकी कोसळते. लेमिंग मुबलक असतात तोवर आर्क्टिक कोल्हे त्यांच्यावरच जगतात. ते संपले, की कोल्ह्यांचा मोर्चा सँडपायपरच्या अंड्यांकडे आणि पिल्लांकडे वळतो. अशा वर्षी सप्टेंबरमध्ये खवलेदार पाठीचे पक्षी फारच थोडे दिसतात. तुम्हाला साठ दिसले, त्यांतली पिल्ले नेमकी किती, हे यासाठीच हवे आहे.

पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी लावलेली रंगीत कडी किंवा झेंडी दिसली, तर रंग, पाय डावा की उजवा (पक्ष्याचा, आपला नव्हे) आणि सांध्याच्या वर की खाली, एवढे जागच्या जागी टिपून घ्या. त्या सांध्याला आपण सवयीने गुडघा म्हणतो, पण तो खरे तर पक्ष्याचा घोटा असतो. घरी आल्यावर आठवून लिहिलेला रंगक्रम बहुधा चुकतो.

तुमच्याकडे वाळू आहे म्हणून आणखी एक सांगतो. लाटेपुढे धावणारे लहान, फिकट पक्षी उडून गेल्यावर त्यांचे ठसे वाकून पाहा. सँडरलिंगला मागचे बोट नसते, त्यामुळे ओल्या वाळूत फक्त पुढच्या तीन बोटांची खूण उमटते.

खाडीकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी भरतीच्या सव्वादोन तास आधी जाऊन बसलो. पाणी चढत गेले तसे पक्षी खरोखरच पुढे येत राहिले आणि शेवटी स्कोपशिवायही (मोठ्या दुर्बिणीशिवायही) खवले दिसू लागले. एकूण 71 मोजले, त्यांतली 64 पिल्ले होती. उरलेल्या सातांपैकी एकाच्या पोटावर अजून विटकरी डाग होता. ज्यांची चोच आखूड वाटली होती त्यांतले दोघे सर्वांत पुढे चरत होते. त्यांची पोटे स्वच्छ होती, आणि ससाणा आल्याने थवा उठला तेव्हा दोघांच्याही शेपटीवर अखंड पांढरे दिसले, त्यामुळे डनलिन यादीतून खोडला आहे.

ठसेही पाहिले. तीन बोटांचे होते, पण पाणी भरेपर्यंत पाचच मिनिटे मिळाली.